आफ्रिकेतल्या म्हणी कुठल्या आहेत, आणि आपल्याला कळतील का?
आधी एक सांगतो, 'आफ्रिकन म्हण' म्हणून फॉरवर्ड येतात त्यातल्या निम्म्यांना ना भाषा ना गाव, त्यामुळे मी फक्त स्वाहिलीबद्दल लिहितो, म्हणजे केनिया-टांझानियाची भाषा. तिच्यात 'हराका हराका हाइना बराका' म्हणतात, घाईघाईत बरकत नाही. बराका म्हणजे आपलीच बरकत, आणि हराका आपल्या 'हरकत'चा नातेवाईक, दोन्ही मूळचे अरबी, फक्त 'हरकत'चा अर्थ आपल्याकडे येऊन बदलला! 'अकिली नी माली' तर सांगायलाच नको, अक्कल हाच माल. 'हबा ना हबा हुजाझा किबाबा' म्हणजे थोडं थोडं करत माप भरतं, किबाबा हे धान्याचं माप, आपलं थेंबे थेंबे तळे साचे. आणि हत्ती भांडतात तेव्हा गवताचे हाल होतात, ही पण तिकडचीच.

मला सगळ्यात भारी वाटतं ते कांगा. बायका नेसतात ते रंगीत सुती कापड, जोडीने विकतात, आणि त्याच्यावर खाली म्हण नाहीतर टोमणा छापलेला असतो. शेजारणीला काही सुनवायचंय पण तोंडाने बोलायचं नाहीये, तर बरोबर तसला मजकूर असलेला कांगा नेसून तिच्या दारावरून जायचं, झालं काम 😄