पेटा ही प्राणीहक्क संघटना स्वतःच्याच शेल्टरमधले प्राणी मारते, हे खरं आहे का?

हो, खरं आहे. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या नॉरफोकला पेटाचं शेल्टर आहे. तिथे येणाऱ्या बहुतेक कुत्र्या-मांजरांना इंजेक्शन देऊन मारलं जातं. सरकारकडे दरवर्षी जाणाऱ्या आकडेवारीतच ते दिसतं. पेटा म्हणते, इतरांनी नाकारलेली म्हातारी, आजारी जनावरं आम्ही घेतो. त्यात तथ्य आहेच. पण २०१४ मध्ये त्यांच्या माणसांनी एका घराच्या ओसरीवरून माया नावाची पाळलेली चिवावा जातीची कुत्री उचलली आणि कायद्याने पाच दिवस सांभाळायची असताना त्याच दिवशी मारली. दंड किती? ५०० डॉलर! पुढे कुटुंब कोर्टात गेलं, तेव्हा २०१७ मध्ये ४९ हजार डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. याला कसलीच सबब चालत नाही. (पेटा इंडिया ही कायद्याने वेगळी संस्था, तिला यात ओढू नका.)