दोन टच, चार सेकंद

पत्र इंदूरहून आलंय. मुलगी वीस वर्षांची, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. चार वर्षं महेश्वरजवळ नर्मदेच्या सहस्रधारेवर कयाक स्लॅलमचा सराव करतेय, म्हणजे खळाळत्या पाण्यात टांगलेल्या काठ्यांच्या जोड्यांमधून, गेटमधून, छोटी नाव वेळेत काढायची शर्यत. परवाच्या निवड चाचणीत दोन गेटना धक्का लागला, ती चौथी आली आणि संघात तिघीच गेल्या. तिच्या मते दुसरा टच झालाच नव्हता. बाबा म्हणतात, "पुरे झालं, आता बँकेच्या परीक्षा दे." ती विचारते, "मावशी, सोडून देऊ का? की कॉलेजला ड्रॉप घेऊन पूर्ण वेळ हेच करू?"

अगं, मला पोहतासुद्धा येत नाही, हे आधीच सांगून टाकते. पण तुझं पत्र आल्यापासून मी या खेळाचं बरंच वाचलं आणि शर्यती बघितल्या.

त्या दुसऱ्या टचवर तू दीड पान खर्ची घातलंयस. लागला असेल, नसेलही. वल्हं, नाव, खांदा, काहीही काठीला नुसतं चाटून गेलं तरी दोन सेकंदांचा दंड. पंच जे बघतो ते क्षणभरच. पण पहिल्या टचचं काय? तूच लिहिलंयस, तो लागला आणि "डोकं तिथेच अडकलं", म्हणून पुढच्या लाल गेटला, प्रवाहाविरुद्ध वर वळताना, उशीर झाला. मला वाटतं चाचणी तिथे गेली. पंचाला विसर.

ऑस्ट्रेलियाच्या जेसिका फॉक्सचं नाव तुला मी सांगायला नको. २०२१ मध्ये टोकियोला कयाकच्या अंतिम फेरीत तिलाही चारच सेकंदांचा दंड झाला. तो नसता तर सुवर्ण तिचंच होतं, मिळालं कांस्य. दोनच दिवसांनी त्याच पाण्यात ती कनूमध्ये, म्हणजे गुडघ्यांवर बसून एकाच पात्याच्या वल्ह्यानं चालवायच्या नावेत, उतरली आणि सुवर्ण घेऊन आली. पॅरिसला तर दोन्ही प्रकारांत. मला त्या पदकांपेक्षा मधल्या दोन दिवसांचं कुतूहल आहे. अर्थात तिचे वडील १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये चौथे आलेले, आईला १९९६ मध्ये अटलांटाला कांस्य. तुझ्या घरी असलं काही नाही, तेव्हा ही तुलना इथेच सोडते.

विसाव्या वर्षी उशीर झाला, हे मात्र मला पटत नाही. स्पेनच्या मायालेन शोरौतला २०१३ मध्ये मुलगी झाली, २०१६ मध्ये रिओला सुवर्ण मिळालं, आणि टोकियोला अडतिसाव्या वर्षी रौप्य.

तरीही ड्रॉप घेऊ नकोस. या खेळावर आपल्याकडे घर चालत नाही, तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पदवी हातात असू दे. केंद्र सरकारच्या क्रीडा कोट्यात राष्ट्रीय स्पर्धेत राज्याकडून खेळलेल्यांचाही विचार होतो, पण तिथेही शिक्षणाची अट असतेच. परीक्षा दे, बँकेचा फॉर्मही भर, आणि अजून दोन मोसम खेळ. बाबांना तेवढीच मुदत माग, "आयुष्यभर हेच करणार" असलं काही बोलू नकोस.

आता बाबांचं. पत्राच्या समासात बारीक अक्षरात एक ओळ आहे, ती मी चारदा वाचली. चाचणीच्या आठवडाभर आधी तुझ्या कयाकचं नाक खडकावर फुटलं, तेव्हा बाबांनी गॅलरीत बसून रात्री दीडपर्यंत फायबरचं कापड आणि रेझिन लावून ते जोडलं, आणि आई वासानं वैतागली. हा माणूस खेळाच्या विरोधात नाही गं. त्यांना रेझिनचं बिल दिसतं, बसभाडं दिसतं, तू रडत घरी आलेली दिसतेस. पाण्यातली तू त्यांनी कधी पाहिलीयस का? अख्ख्या पत्रात तसं कुठेच नाही.

येत्या रविवारी त्यांना महेश्वरला घेऊन जा. अहिल्याबाईंच्या घाटावर दर्शन वगैरे नंतर. आधी सहस्रधारेच्या खडकावर बसव, हातात स्टॉपवॉच दे, आणि काठीला लागलं की वहीत दोन सेकंद मांडायला सांग. तुझ्या बाजूनं बोलायला प्रशिक्षकांना मध्ये घालू नकोस, बाबांना त्यांचं त्यांना बघू दे.

परतताना गाडीत ते काय बोलले, ते मला लिही. बँकेबद्दलच बोलले, तरी लिही.

तुझी,
मावशी