रेल्वेनं युद्ध जिंकलं, पण स्टेशनच्या पुढे काय?

प्रश्न: रेल्वेनं एकोणिसाव्या शतकातली युद्धं बदलली असं म्हणतात, ते खरंच की उगाच फुगवलेलं?

खरंय की! १८६४ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेचा जनरल शेर्मन दक्षिणेतल्या अटलांटा शहरावर चालून गेला तेव्हा त्याच्यामागे लुईव्हिलपासून नॅशव्हिल, चॅटनूगामार्गे येणारी ४७३ मैलांची एकच सिंगल लाइन होती. तिच्यावर १ लाख माणसं आणि ३५ हजार जनावरं १९६ दिवस जगली. त्यानं नंतर स्वतःच हिशोब मांडला, हेच काम खेचरांच्या गाड्यांनी करायचं तर सहा-सहा खेचरांच्या ३६,८०० गाड्या लागल्या असत्या. त्यात गंमत अशी की खेचराला पण दाणा लागतो, म्हणजे जितकं लांब जाल तितकं तेच माल खाऊन मोकळं होणार.

प्रश्न: मग शत्रू रूळ उखडत नव्हता का?

उखडायचा ना, तापवून झाडाभोवती पिळायचा सुद्धा. पण दुरुस्तीवाले पण तयारीचे होते. १८६२ मध्ये उत्तरेच्या फौजेचा रेल्वे इंजिनिअर हर्मन हॉप्टनं व्हर्जिनियातल्या पोटोमॅक क्रीक या ओढ्यावर सुमारे ४०० फूट लांब, ८० फूट उंच लाकडी पूल साधारण नऊ दिवसांत उभा केला, तेही अडाणी मजूर घेऊन. लिंकन बघून म्हणाला, यात नुसत्या शेंगांच्या वेलाच्या काठ्या आणि मक्याची धाटं आहेत!

प्रश्न: १८७० ला फ्रान्सशी झालेल्या युद्धात प्रशियाची (म्हणजे तेव्हाच्या जर्मन राज्याची) रेल्वे एकदम परफेक्ट होती ना?

माणसं सीमेवर आणण्यात, हो. पण पुरवठ्यात गोंधळ झाला. भरलेले डबे स्टेशनात तसेच उभे, उतरवायला माणसं नाहीत, पुढे न्यायला गाड्या पुरत नाहीत, आणि डबा रिकामा होऊन परत गेला नाही की मागची अख्खी लाइन तुंबते. लोक इंजिनं मोजत बसतात, माझ्या मते खरी गोष्ट हमालाची आहे.

प्रश्न: आपल्याकडचं काही कनेक्शन?

आहे. १८६७-६८ च्या ॲबिसिनियाच्या (आजचा इथिओपिया) ब्रिटिश मोहिमेत मुंबईच्या फौजेनं तांबड्या समुद्रावरच्या झुला बंदरावर छोटी रेल्वे टाकली, रूळ आणि इंजिनं हिंदुस्थानातून नेलेली. ती संपली डोंगराच्या पायथ्याशी. पुढे तिथल्या राजाच्या मगदाला किल्ल्यापर्यंत खेचरं, उंट, आणि जड तोफांसाठी इथून बोटीनं नेलेले हत्ती.