जुन्या मारुती 800 चा गंजलेला ब्रेक पाइप घरी बदलता येतो का? गॅरेजवाला म्हणतो खराब तुकडा कापून मध्ये जॉइंट मारू

येतो, मी स्वतः केलंय. आमचं घर रत्नागिरीत, समुद्र जवळ, माझी 800 ही 2003 सालची आणि रोज खारं वारं खाणारी. पण आधी जॉइंटचं बोलतो, कारण तीच गोष्ट मला तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त खटकली. तो जॉइंट मारू देऊ नका. टायरमध्ये तीसेक पीएसआय हवा असते, आणि जोरात ब्रेक दाबला की या बारक्या पाइपात हजार पीएसआयच्या वर प्रेशर जातं. एका ठिकाणी पाइप फुटायला आलाय म्हणजे बाकीचा पण त्याच चिखलात तेवढीच वर्षं राहिलाय ना, मग आज जिथे कापाल त्याच्या वीतभर पुढे उद्या फुटेल. पूर्ण पाइप बदलायचा, या नटापासून त्या नटापर्यंत.

माझा कुठे फुटला माहितीये? उघड्यावर जिथे गंज दिसत होता तिथे नाहीच, तिथे घासल्यावर खाली चांगला पत्रा लागला. फुटला तो मागच्या बाजूला क्लिपच्या आत, जिथे पावसाळ्यातली माती अडकून बसते आणि उन्हाळ्यापर्यंत ओली राहते. क्लिप उघडली तर पाइप पापुद्र्यासारखा सुटत होता आणि कडेने काळपट ओला डाग. सकाळी गाडी गेटातून मागे घेताना पेडल एकदम खोल गेलं होतं. मास्टर सिलेंडरमध्ये, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल पाइपात ढकलणाऱ्या भागात, दोन वेगळी सर्किट असतात म्हणून अर्धे ब्रेक तरी लागले आणि हँडब्रेक केबलवर चालतो म्हणून गाडी थांबली. खाली घाटात असतो तर काय, हा विचार मी अजून करतो. म्हणून तुमची गाडी आत्ता आहे तिथेच उभी ठेवा, गॅरेजपर्यंत सुद्धा चालवू नका.

आता काम. गाडी उचलायला लोखंडी स्टँड घ्या, नुसत्या जॅकवर कधीच नाही आणि आमच्याकडे सर्रास करतात तसं जांभ्याच्या चिऱ्यावर तर अजिबात नाही, चिरा वजनाखाली एकदम फुटतो आणि तुम्ही खाली आडवे असता. पाइप सोडायच्या आधी मागच्या ड्रमची ब्लीडिंग निपल (ब्रेकमधली हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) सुटते का ते बघा, तीच तुटली तर व्हील सिलेंडर, म्हणजे ती निपल ज्यात बसते तो चाकाचा ब्रेक दाबणारा भाग, पण आणावा लागेल, ते आधी कळलेलं बरं. नटांवर आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. गॅस किंवा ब्लो टॉर्चने तापवायचा मोह होईल पण पेट्रोलचा पाइप त्याच्याच शेजारून जातो, म्हणून आग नकोच. साध्या 10 च्या पान्याने नट गोल होतो, फ्लेअर नटचा पाना मिळतो, नट बहुतेक बाजूंनी पकडणारा, तो घ्याच. तरी गोल झाला तर पाइप नटाला चिकटून कापा आणि सहा कोनी सॉकेट लावा, तसाही तो पाइप फेकायचाच आहे.

नवीन पाइप 4.75 मिमीचा. दुकानात बंडी पाइप म्हणून मागितला की स्टीलचा देतात, तो चालेल. तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचा मिळाला तर फारच छान, तो गंजत नाही आणि हाताने वळतो, व्होल्वोने तो 1976 पासूनच वापरायला घेतला. पण फ्रीज एसीवाल्याकडचा साधा तांब्याचा पाइप कोणी दिला तर घेऊ नका, सततच्या हादऱ्याने तांबं कडक होत जातं आणि एक दिवस चिरतं.

जुना पाइप मोडू नका, जमिनीवर ठेवून त्याच्या वळणासारखा नवीन वळवा. कापताना हॅकसॉ नको, पाइप कटर वापरा, कीस आत राहिला तर सीलं खातो. आणि फ्लेअर मारायच्या आधी, म्हणजे पाइपाचं टोक घट्ट बसावं म्हणून पसरवायच्या आधी, नट पाइपात घाला, मी पहिल्यांदा विसरलो आणि चांगली झालेली फ्लेअर कापावी लागली. 800 ला डबल फ्लेअर लागते, म्हणजे आधी टोक फुगवायचं मग तीच कड आत दुमडायची. युरोपियन गाड्यांची बबल फ्लेअर वेगळी, ती इथे बसत नाही. दोन चार तुकडे वाया घालवून सराव करा, भिंगातून बघा, कड एका बाजूला जाड किंवा चीर दिसली तर परत मारायची. इथे हे चालेल असं काही नसतं.

मग एअर काढणं, म्हणजे पाइपात शिरलेली हवा बाहेर काढणं. ब्रेक ऑइल त्याच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचं, डॉट 3 किंवा डॉट 4, सीलबंद डब्यातलं, कारण उघडा राहिलेला डबा हवेतलं पाणी ओढतो. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे मागचं डावं. माझा भाचा सीटवर होता, मी खालून "दाब", तो "मामा, दाबलं", मी निपल उघडून बंद करायचो, मग "सोड". निपल बंद व्हायच्या आधी पाय उचलायचा नाही, आणि टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा ठोकळा ठेवा, नाहीतर मास्टर सिलेंडरमधलं सील कधी न गेलेल्या खरबरीत भागावर जाऊन फाटतं.

पेडल कडक झालं की इंजिन चालू करून पूर्ण जोर लावून मिनिटभर धरून ठेवायला सांगा, पेडल हळूहळू खाली जात असेल तर काहीतरी गळतंय. त्याच वेळी प्रत्येक नट कोरड्या टिश्यूने पुसून बघा. ठिपका जरी उमटला तरी फ्लेअर परत. पहिली फेरी गल्लीतच, हात हँडब्रेकवर. त्या रात्री पाइपाच्या खाली पेपर अंथरून ठेवा, सकाळी डाग दिसला तर गाडी न हलवता त्या सांध्याचा जवळून फोटो टाका, मी बघून सांगतो.