लिअरला 'तू' म्हणणारा माणूस

तुमचा प्रश्न असा आहे: शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मधला विदूषक खरंच शहाणा आहे का, तो राजाला तोंडावर खरं सांगत असूनही त्याचा काही उपयोग का होत नाही, आणि तिसऱ्या अंकानंतर तो जातो कुठे?

कॉलेजात असताना मी हा विदूषक केला आहे. विंदा करंदीकरांचं 'राजा लिअर' हे १९७४ सालचं भाषांतर हाताशी घेऊन आम्ही तीन महिने तालमी केल्या. तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यातून गेलेला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. खाली ओळींचं जे मराठी आहे ते माझं आहे, विंदांचं नाही.

गोष्ट थोडक्यात सांगते. ब्रिटनचा म्हातारा राजा लिअर तीन मुलींत राज्य वाटायला काढतो आणि म्हणतो, माझ्यावर किती प्रेम आहे ते बोलून दाखवा. थोरली गॉनेरिल आणि मधली रीगन तोंड भरभरून बोलतात. धाकटी कॉर्डेलिया म्हणते, 'काही नाही.' राजा तिला हाकलतो. फ्रान्सचा राजा तिला हुंड्याशिवाय बायको करून नेतो. कॉर्डेलियाची बाजू घेणारा सरदार केंट हद्दपार होतो. मग दोघी थोरल्या बापाच्या शंभर शिपायांचे पन्नास करतात, पन्नासाचे पंचवीस, आणि शेवटी विचारतात, एकाची तरी काय गरज? म्हातारा वादळात बाहेर पडतो. बरोबर असतो विदूषक.

आता एक गोष्ट बघा, जी मराठी वाचकाला इंग्रजी वाचकापेक्षा लवकर कळेल. त्या काळच्या इंग्रजीत आपल्या तू-तुम्हीसारखा भेद होता: 'दाऊ' आणि 'यू'. राजाला सगळे 'यू' म्हणतात, पोटच्या मुलीसुद्धा. पहिल्या प्रवेशात केंटचा संताप अनावर होतो आणि तो भर दरबारात म्हणतो, 'म्हाताऱ्या, हे तू काय करतोयस?' थेट 'दाऊ'. त्याला पाच दिवसांची मुदत मिळते, सहाव्या दिवशी राज्याकडे पाठ फिरवायची, नंतर सापडला तर मरण. आणि विदूषक? तो आल्यापासून जवळजवळ प्रत्येक वाक्यात राजाला 'तू'च म्हणतो. वर हाक मारतो 'नंकल', म्हणजे काका. राजा त्याला म्हणतो 'पोरा'. आपल्याकडे पुतण्या काकाला 'ए काका, तू जेवलास का' म्हणतो ना, तीच जवळीक त्या हाकेत आहे. म्हणून या माणसाचं खरं बोलणं कुठून येतं ते शोधायचं तर अकलेच्या आधी या नात्याकडे बघायला हवं, असं मला वाटतं.

'विदूषक' हा शब्द आपण वापरतो, दुसरा सोयीचा शब्दही नाही, पण त्यानं थोडी दिशाभूल होते. संस्कृत नाटकातला विदूषक राजाचा खाऊ-पिऊ मित्र असतो. शाकुंतलात दुष्यंत आपल्या विदूषकाला 'शकुंतलेचं ते सगळं थट्टेत बोललो' असं सांगून घरी धाडतो आणि त्याला ते पटतं. लिअरच्या विदूषकाला असं पटवून कुणी घरी धाडू शकत नाही. जिभेच्या बाबतीत तो आपल्या वगातल्या सोंगाड्याला जास्त जवळचा आहे.

ती जीभ कशी चालते ते एका अंड्याच्या थट्टेत दिसतं. विदूषक पहिल्यांदा रंगमंचावर येतो तेव्हा लिअर गॉनेरिलच्या घरी पाहुणा असतो आणि केंट वेष पालटून त्याच्या चाकरीत शिरलेला असतो. विदूषक आल्या आल्या आपली कोंबड्याच्या तुऱ्याची टोपी केंटपुढे धरतो: पडत्या माणसाची बाजू घेतोस, मग ही तूच घाल. मग राजाला म्हणतो, 'काका, मला एक अंडं दे, मी तुला दोन मुकुट देतो.' कसले मुकुट? 'अंडं मधोमध कापलं, आतलं खाल्लं, की दोन टोकं उरतात ती.' इंग्रजीत 'क्राऊन' म्हणजे मुकुट, नाणं आणि डोक्याचा टाळूही, आणि हे तिन्ही अर्थ तो एका दमात खेळवतो. पुढे म्हणतो: 'तू सोन्याचा मुकुट देऊन टाकलास तेव्हा या टकलाखाली फारसं काही नव्हतं.'

एका तालमीला मी घरून उकडलेलं अंडं नेलं. सालासकट सुरीनं मधोमध कापलं, आतलं खरंच खाल्लं आणि दोन कवच्या लिअर करणाऱ्या मुलाच्या तळहातावर ठेवल्या. त्यानं नकळत मूठ मिटली. कवच्या कडकन मोडल्या. सगळे गप्प झाले. तोवर मला तो नुसता शब्दांचा खेळ वाटत होता. त्या दिवशी कळलं की राज्याची वाटणी कशी झाली हे विदूषक म्हाताऱ्याला हातात घेऊन दाखवतोय: आतला गर दुसऱ्यांनी खाल्ला, तुझ्या वाट्याला टरफलं. त्याच प्रवेशात तो म्हणतो, 'तू आता आधी आकडा नसलेलं शून्य आहेस. तुझ्यापेक्षा मी बरा. मी निदान विदूषक आहे, तू काहीच नाहीस.' आणि लिअर चिडून विचारतो, 'मी कोण हे मला कुणी सांगेल का?' तेव्हा उत्तर येतं, 'लिअरची सावली.'

हे सगळं खरं आहे, पण वेळ बघा. वाटणी होते तेव्हा, पहिल्या प्रवेशात, विदूषक नाहीच. तो येतो चौथ्या प्रवेशात, सगळं घडून गेल्यावर. त्याआधी एक शिपाई सांगतो की धाकट्या बाई फ्रान्सला गेल्यापासून तो झुरणीला लागलाय. म्हणजे त्याच्या प्रत्येक टोमण्याच्या आत कॉर्डेलियाची आठवण आहे. त्याचं खरं बोलणं इशारा म्हणून निरुपयोगीच आहे, कारण राज्य परत मिळणार नाही. मग ते कशासाठी?

माझं उत्तर पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात आहे. तो प्रवेश वाचताना लोक झपझप पुढे जातात. गॉनेरिलकडून अपमान करून घेतलेला लिअर रीगनकडे निघालाय. विदूषक काहीबाही विचारत राहतो: नाक चेहऱ्याच्या मधोमध का असतं, माहीत आहे? दोन्ही बाजूंना डोळे राहावेत म्हणून. ज्याचा वास येत नाही ते निदान दिसावं. आणि मध्येच, कुणाला उद्देशून नाही, लिअर म्हणतो, 'मी तिच्यावर अन्याय केला.' नाव घेत नाही. संपूर्ण नाटकातली ही पहिली कबुली. विदूषक काय करतो? 'बरं केलंस' म्हणत नाही, 'मी सांगत होतो' म्हणत नाही. तो विचारतो, 'कालव आपला शिंपला कसा बनवतं, सांगता येईल?' 'नाही.' 'मलाही नाही. पण गोगलगाईला घर का असतं ते सांगतो. डोकं आत घ्यायला. मुलींना देऊन टाकायला नाही.'

आमचे सर मला बजावायचे, ते वाक्य ऐकू आल्याचं दाखवू नकोस, बोलत राहा. मला ते कितीतरी दिवस पटत नव्हतं. मग लक्षात आलं की ही बडबड म्हणजे आडोसा आहे. म्हाताऱ्याला आपली चूक मोठ्यानं उच्चारायची आहे, पण कुणी ऐकतंय असं जाणवलं तर त्याच्या तोंडून ती निघणार नाही. विदूषक बोलत राहून त्याला तेवढी जागा करून देतो. प्रवेशाच्या शेवटी लिअर म्हणतो, 'देवा, मला वेड लागू देऊ नकोस.' तुम्ही विचारता उपयोग काय झाला. मला वाटतं तो हा. राज्य वाचलं नाही, पण राजाला स्वतःचं एक खरं वाक्य सापडलं.

या नाटकाचा नोंद असलेला पहिला प्रयोग कुणापुढे झाला हेही सांगायला हवं. १६०८ च्या छापील प्रतीवरच लिहिलंय की ते २६ डिसेंबरच्या रात्री व्हाइटहॉलच्या राजवाड्यात राजापुढे झालं. साल १६०६, राजा पहिला जेम्स. हा जेम्स तेव्हा इंग्लंड आणि स्कॉटलंड एक करायच्या खटपटीत होता, आणि नाटकात राज्याचे तुकडे होत होते. लिअरच्या दोन जावयांच्या पदव्या, ऑल्बनी आणि कॉर्नवॉल, जेम्सच्या दोन मुलांच्याही होत्या. जेम्सच्या पदरी स्वतःचा विदूषक होता, आर्ची आर्मस्ट्राँग. पुढे १६३७ मध्ये, जेम्सचा मुलगा चार्ल्स याच्या राज्यात, याच आर्चीनं आर्चबिशप लॉडला टोमणा मारला आणि त्याला दरबारातून काढून टाकलं. गॉनेरिल लिअरच्या विदूषकाला 'काहीही बोलायची मुभा असलेला' म्हणते खरं, पण त्या मुभेला मर्यादा होती. तो स्वतःच सांगतो: 'खरं बोललो तर तुझ्या मुली मला फटके मारणार, खोटं बोललो तर तू मारणार, आणि कधी कधी गप्प बसलो म्हणूनही मार खातो.'

ही भूमिका बहुतेक अभ्यासकांच्या मते रॉबर्ट आर्मिननं केली. विल केंप हा धसमुसळा विनोदी नट शेक्सपिअरची नाटकमंडळी सोडून गेल्यावर आर्मिन आला आणि शेक्सपिअरचे विदूषक बदलले. ते गाऊ लागले, शब्दांशी खेळू लागले. आर्मिननं खऱ्याखुऱ्या वेडगळ विदूषकांवर १६०० मध्ये पुस्तकही लिहिलं होतं.

आता शहाणपणाचा प्रश्न. दुसऱ्या अंकात केंटला खोड्यात अडकवलेलं असतं. तिथे विदूषक त्याला व्यवहार शिकवतो: मोठं चाक उतारावरून घरंगळायला लागलं की हात सोडून दे, नाहीतर मान मोडेल, वर चढणारं चाक दिसलं तर त्याला धर. सल्ला चोख आहे. आणि लगेच गाण्यात सांगतो की फायद्यासाठी चाकरी करणारा पाऊस लागला की गाठोडं बांधतो, 'पण मी थांबणार, विदूषक इथेच राहणार.' स्वतःचा सल्ला तो स्वतः मोडतो, तेही समजून-उमजून. तो शहाणा आहे का? जगाच्या हिशेबात नाही, आणि ते त्याला माहीत आहे. मला तो आवडतो तो याच जागेमुळे. वादळातही तो काही शूर बनत नाही. थंडीनं कुडकुडतो, म्हणतो, काका, आत चल, मुलींचा आशीर्वाद माग, ही रात्र ना शहाण्याची कीव करते ना मूर्खाची. भितो, तक्रार करतो, आणि तरी जात नाही. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये (१९७०) लिअरचं बीज आहे, पण विदूषक नाही. तिथे अप्पांशेजारी कावेरी आहे. लिअरजवळ बायको नाही. त्याच्याजवळ हा आहे.

लोकांना हा विदूषक सहन झाला नाही, हेही खरं. नेहम टेट या कवीनं १६८१ मध्ये नाटक बदललं, शेवट गोड केला, कॉर्डेलियाचं ग्लॉस्टर या सरदाराच्या मुलाशी, एडगरशी, लग्न लावलं आणि विदूषक साफ काढून टाकला. दीडशेहून जास्त वर्षं इंग्लंडच्या रंगभूमीवर लिअर विदूषकाशिवाय वादळात उभा राहत होता. १८३८ मध्ये मॅक्रेडी या नटानं त्याला परत आणलं, आणि भूमिका दिली प्रिसिला हॉर्टन या तरुण मुलीला. मी ती भूमिका केली तेव्हा मला हे माहीत नव्हतं. नंतर वाचलं तेव्हा फार आनंद झाला.

मग तो जातो कुठे? एक तर्क असा की विदूषक आणि कॉर्डेलिया एकच नट करायचा, म्हणून ती परत येण्याआधी हा जातो. शेवटी मेलेल्या कॉर्डेलियाला कवटाळून लिअर म्हणतो, 'माझं वेडं लेकरू फासावर गेलं', आणि त्यासाठी 'फूल' हाच शब्द वापरतो. ओळ काळजाला लागते, पण तर्क मला पटत नाही. आर्मिन वयानं मोठा नट होता, आणि मुलींची कामं कोवळी पोरं करायची. मला नाटकातच उत्तर दिसतं. झोपडीपाशी लिअर त्याला म्हणतो, 'तू आधी आत जा, पोरा.' राजा मागे, विदूषक पुढे. मग उघड्या पावसात उभा राहून लिअर आयुष्यात प्रथमच बेघर, उपाशी लोकांचा विचार करतो आणि कबूल करतो की मी यांची फार कमी काळजी घेतली. हे त्याला कुणी टोमणा मारून सुचवलेलं नाही. तेवढ्यात विदूषक आतून किंचाळत बाहेर पळतो, आत भूत आहे म्हणून. तो असतो वेड्याचं सोंग घेतलेला एडगर. तिथून पुढे लिअर त्या उघड्यावाघड्या वेड्याशी बोलतो, आणि विदूषकाची वाक्यं कमी कमी होत जातात.

त्याची अखेरची घटका दोन जुन्या प्रतींत वेगवेगळी आहे. १६२३ च्या प्रतीत थकलेला लिअर म्हणतो, 'सकाळी रात्रीचं जेवण करू', आणि विदूषक म्हणतो, 'आणि मी भर दुपारी झोपायला जाईन.' त्यानंतर तो बोलत नाही. १६०८ च्या प्रतीत ही ओळ नाही. तिथे लिअर भ्रमात मुलींवर खटला चालवतो, स्टुलाकडे बोट दाखवून ही गॉनेरिल म्हणतो, आणि विदूषक त्या स्टुलाला म्हणतो, 'माफ करा हं, मला वाटलं तुम्ही स्टूल आहात.' त्या प्रतीतली त्याची ही शेवटची ओळ. मग केंट त्याला सांगतो, 'ये, धन्याला उचलायला हात लाव, मागे राहू नकोस', आणि तो मुकाट्यानं हात लावतो.

आम्ही १६०८ चा शेवट घेतला. लिअर करणारा मुलगा अंगानं भरलेला होता. केंटनं खांदे धरले, मी पाय. पहिल्याच प्रयोगात वाकताना माझी तुऱ्याची टोपी पडली, आणि हात मोकळे नव्हते म्हणून तशीच राहिली. पुढचा प्रवेश ग्लॉस्टरचे डोळे काढण्याचा. तो संपेपर्यंत टोपी रंगमंचावर मधोमध पडून होती. दुसऱ्या प्रयोगाआधी सरांना विचारलं, टोपीला नाडी लावू का? ते म्हणाले, नको, पडू दे.