पंपाच्या विहिरीत पर्फोरेशन: आधी वायरलाइन की पंपाखाली गन?

प्रश्न असा आहे: तेलाची विहीर स्वतःहून वाहणार नाही, ईएसपी (विहिरीत खोल उतरवायचा विजेवरचा पंप) बसवायचाच आहे. मग वायरलाइनने, म्हणजे केबलवर गन (स्फोटक चार्जची नळी) सोडून, पर्फोरेट करून (विहिरीच्या पोलादी नळीला थरापर्यंत भोकं पाडून) नंतर पंप उतरवावा, की गन पंपाखालीच टांगून सगळं एकदम खाली न्यावं? माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे, पण सरसकट नाही.

आधी पातळीचा हिशोब मांडा. समजा थर १५०० मीटरवर आहे आणि त्याचा दाब १०० बार. विहीर पाण्याने काठोकाठ भरलेली असेल तर तळाशी जवळपास १४७ बार होतात. गन उडाली की ४७ बारच्या जोराने पाणी थरात घुसणार आणि चार्जने चिरडलेल्या खडकाचा भुगा भोकांतच ठासला जाणार. जोरदार वाहणारी विहीर तो भुगा नंतर ओकून टाकते. तुमच्या विहिरीत तेवढा दम नाही, म्हणूनच तर पंप बसवताय! तेच पाणी ८०० मीटरपर्यंत उतरवलंत, तर तळाशी साधारण ६९ बार उरतात. आता ३१ बार थराच्या बाजूने आहेत आणि भोकं पहिल्या काही क्षणांतच धुऊन निघतात.

स्वॅब करून (वरून द्रव ओढून काढून) वायरलाइननेही हे जमतं. पण दाबाचा फरक फार ठेवला तर गन वर फेकली जाऊन केबलचा गुंता होतो. शिवाय पंप उतरवण्यासाठी विहीर पुन्हा मारावी (द्रव भरून शांत करावी) लागली, तर तो द्रव, म्हणजे किल फ्लुइड, त्याच ताज्या भोकांत शिरतं.

गन पंपाखाली असेल तर पातळी पंपानेच उतरवता येते. इथे एक मेख आहे. पर्फोरेशनआधी खालून काहीच येत नसतं, द्रव वरून थेट इनटेकमध्ये (पंपाच्या तोंडात) जातो आणि त्याखालची मोटर कोरडी नसली तरी थंड होत नाही. तेव्हा श्राउड (द्रव मोटरवरून नेणारं आवरण) लावा, नाहीतर तापमान बघत थांबून थांबून उपसा.

मध्ये पंप असल्याने वरून लोखंडी सळई टाकून गन उडवता येणार नाही. दाबावर चालणारा, उशिरा उडणारा फायरिंग हेड (गन पेटवणारा भाग) घ्या: अॅन्युलसमध्ये (पंपाचा पाइप, म्हणजे ट्यूबिंग, आणि विहिरीची नळी यांच्यामधल्या पोकळीत) नायट्रोजनने दाब द्यायचा आणि गन उडायच्या आत तो सोडून द्यायचा. पंपाच्या वीज-केबलला क्लॅम्प लावत उतरायला वेळ जातो, त्यामुळे स्फोटकाची निवड तासांवरून करा. आरडीएक्स एक तास सुमारे १७० अंश सेल्सिअस सोसतं, पण शंभर तास राहायचं असेल तर मर्यादा ११५च्या आसपास येते. एचएमएक्स या दुसऱ्या स्फोटकाची शंभर तासांची मर्यादा १५०च्या जवळ आहे. मोटर आणि गन यांच्यात पुरेसा पाइप आणि शॉक अॅब्सॉर्बर हवाच.

पुढे त्या थरात लॉगिंग (उपकरण सोडून मोजमाप) किंवा अॅसिडचं काम करायचं असेल, तर उडालेली गन आडवी येते. खाली तिच्या लांबीएवढी रिकामी जागा असेल तर सोडून देता येते. नसेल तर मी वायरलाइनच घेईन.

रॉड पंप (वरून सळयांनी चालवायचा) असता तर एवढा खटाटोप नव्हता. ट्यूबिंगवर गन न्यायची, स्वॅब करायचं, सळई टाकून उडवायची आणि मग रॉडवरून पंप आत सोडायचा.

थराचा दाब, तळाचं तापमान आणि खालची मोकळी जागा कळवा, म्हणजे पातळीचा आकडा नक्की करता येईल.