माझा १५ वर्षांचा मुलगा कुणाचंच ऐकत नाही. अशी मुलं पुढे चांगली निघतात का?

ताई, मुलगा शाळा बुडवतो, उलट बोलतो, आणि त्याच्या बाबांनी पाहुण्यांसमोर हात उचलल्यापासून घरात कुणाशी बोलतच नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबले. आमच्या घरात हेच झालं होतं.

आम्ही अमळनेर तालुक्यातले, कापसाचे शेतकरी. मोठा मुलगा १९९६चा. आठवी ते दहावी त्याने आमचा जीव काढला. दप्तर घेऊन निघायचा आणि कुणाच्या तरी विहिरीवर सापडायचा. चौदाव्या वर्षी आमच्या मोटरीचा स्टार्टर खोलून बसला, ऐन पाणी द्यायच्या दिवसांत मोटर दोन दिवस बंद. काहीही सांगा, त्याचं आधी "का?" यांचा स्वभाव तापट. रोज आवाज चढायचे.

२०११च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंदा माहेरी आल्या होत्या. बियाण्यासाठी ठेवलेले दोन हजार सापडेनात. यांनी सगळ्यांदेखत पोराच्या कानाखाली मारली आणि त्याला चोर म्हणाले. एरवी एकाला चार उत्तरं देणारं पोरगं गप्प उभं राहिलं. मला त्या गप्प राहण्याचीच भीती वाटली. चौथ्या दिवशी पैसे यांच्याच सोसायटीच्या पासबुकाच्या कव्हरात निघाले.

हे म्हणाले, जाऊ दे, आता विषय नको. मी म्हटलं, चोर चारचौघांत म्हणालात, मग चुकलं तेही चारचौघांतच म्हणा. नणंदा अजून घरीच होत्या. संध्याकाळी सगळे ओट्यावर बसलेले असताना यांनी त्याला हाक मारली, पासबुक त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "मन्हं चुकनं भाऊ." पोरगं पासबुकाची पानं उलटत राहिलं, मान वर करेना. मग उठून गोठ्यात गेलं. दोन दिवसांनी कुणी सांगितलं नसताना सकाळी यांच्या मागे शेतात निघालं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं समजू नका. मार्च २०१२ला दहावीत गणित राहिलं, ते ऑक्टोबरला सुटलं. यांना त्याला सायन्सला घालायचं होतं. तो म्हणाला, घरात कोंडून ठेवा, पण अकरावीला बसणार नाही. तेव्हा मी त्याची बाजू घेतली नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. शेवटी त्याच्याच हट्टाने आयटीआयला इलेक्ट्रिशियनला घातला. दोन वर्षांचा कोर्स, वर्षभर अॅप्रेंटिस, एका दिवसाचा खाडा नाही. स्टार्टर खोलला तेव्हाच आम्हाला हे दिसायला हवं होतं.

आम्ही बदललो ते एवढंच की केस, कपडे, सकाळी किती वाजता उठतो, यावर बोलणं सोडलं. धरून ठेवलं ते थोडंच. रात्री कुठे आहेस ते घरी माहीत पाहिजे. अठरा पूर्ण होईपर्यंत मोटारसायकल नाही. आणि या घरात कुणी कुणावर हात उचलायचा नाही, हा नियम यांनाही. प्रत्येकाचं कारण सांगायचं. कारण पटलं की तो पाळायचा, हे आम्हाला फार उशिरा कळलं. गाडीबाबत तर आता कायदाही कडक आहे. २०१९च्या दुरुस्तीपासून अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. मुलाला हे सरळ सांगा.

२०१७ला गुलाबी बोंडअळीने आमच्याकडचा कापूस खाल्ला. पुढच्या वर्षी हे नेहमीप्रमाणे फरदड ठेवणार होते, म्हणजे हंगाम संपला तरी झाडं शेतातच ठेवायची, आणखी दोन वेचण्या मिळतील म्हणून. मुलगा आडवा आला. डिसेंबरात कापूस उपटायचा म्हणाला, नाहीतर अळीला शेतातच खायला मिळत राहतं आणि ती पुढच्या हंगामात परत येते. दोघांचं बांधावरच जुंपलं. मग त्याने एक हिरवं बोंड तोडलं, दाताने फोडलं आणि यांच्या तळहातावर ठेवलं. सरकीत गुलाबी अळी वळवळत होती. हे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "उपट." ज्या "का?"पायी घरात रोज आवाज चढायचे, त्यानेच त्या वर्षी शेत सांभाळलं.

आज त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. मोटर जळली म्हणून लोक घाबरून आणतात. नुसता कॅपॅसिटर गेलेला असेल तर तो तसं सांगतो आणि तेवढेच पैसे घेतो. बायकोशी, आमच्याशी आवाज चढवत नाही. वाद मात्र घालतो, आणि मला ते आवडतं.

एक गोष्ट वेगळी काढून सांगते. मुलगा जेवत नसेल, झोपत नसेल, मित्रही सोडले असतील किंवा जगण्यात काही नाही असं बोलत असेल, तर तो हट्ट समजू नका. १४४१६ या टेली मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर फोन करा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि डॉक्टरांनाही दाखवा.

तसं नसेल तर शाळेचं दोन दिवस बाजूला ठेवा. आधी त्याच्या बाबांना तयार करा. ज्यांच्यासमोर मारलं, त्या पाहुण्यांना परत घरी बोलवा, नाही जमलं तर फोन स्पीकरवर ठेवा, आणि त्यांच्यादेखत बाबांनी म्हणावं की माझं चुकलं. पुढे "पण तूही..." जोडू नका. तो उठून आत गेला तर जाऊ द्या.